ओल्या पायपांचा अर्ज

माझ्याकडे येणारा मनुष्य बहुधा काहीतरी कमी करून मागण्यासाठी येतो. दंड कमी व्हावा, शेतसारा कमी व्हावा, शिक्षा कमी व्हावी. काम वाढवून मिळावे असा अर्ज मी माझ्या सबंध कारकिर्दीत एकच लिहिला. तो कोणी लिहवून घेतला आणि का, हे नमूद करून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण ज्यांनी तो लिहवून घेतला, ती माणसे स्वतः होऊन कधीही लिहिणार नाहीत.

मी अर्जनवीस आहे. सोलापुरात कचेरीच्या कुंपणालगत लिंबाच्या सावलीत लाकडी पेटी मांडून बसतो. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत झाले, परीक्षेस बसण्याचे तेवढे राहिले. तथापि वकिलीची पदवी घेतलेली मंडळीसुद्धा आपला मसुदा कधीमधी माझ्या नजरेखालून घालून नेतात. बाहेरच्या माणसाला वाटते की अर्ज लिहिणे म्हणजे सांगितलेले उतरवून काढणे. तसे नाही. येणारा मनुष्य रडत सांगतो, शिव्या देत सांगतो, आज्यापणज्यापासून सांगतो. त्यातून ज्यावर साहेबाला सही करता येईल तेवढेच वेचून काढणे, ही आमची विद्या. साहेबाला दुःखावर सही करता येत नाही. कारणावर करता येते. म्हणून आम्हाला दुःखाचे कारण तयार करावे लागते. अक्कलकोटकडचे एक गृहस्थ मयत भावाच्या नावे समन्स निघाले म्हणून माझ्यापुढे डोके धरून बसले होते. ‘अर्जदार हयात नसल्यामुळे हजर राहू शकत नाही’ हे वाक्य मी त्यांना लिहून दिले, आणि ते मंजूर झाले.

मोठा दुष्काळ सरून पाऊसपाणी जरा बरे झाले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. एका सकाळी खाकी कपड्यांतले दोन बंबवाले माझ्याकडे आले. कुठल्या बंबखान्याचे, ते मी लिहीत नाही. त्यातली माणसे अजून नोकरीत आहेत. पुढचा होता तो बसाप्पा. मूळचा मंद्रूपकडचा, घरात कानडी बोलणारा, बंबावरचा सर्वांत जुना मनुष्य. त्याची एक भुवई कधीकाळी जळाली होती, ती पुन्हा उगवलीच नव्हती. त्याच्या मागे तिशीच्या आतबाहेरचा दुसरा होता. त्याचे नाव मारुती, गाव मंगळवेढ्याकडचे.

“मालक, ह्याला वाचवायचं हाय,” असे म्हणून बसाप्पाने मारुतीला माझ्यासमोर बसवले.

मारुती बसला तो माझ्या पेटीची कड घट्ट धरून. धावत्या गाडीत मनुष्य दांडी धरतो, तशी.

त्यांनी आणलेली नोटीस मी वाचली. शुक्रवार पेठेत एका मिठाईच्या दुकानाची भट्टी पेटली असता, बंब जागेवर पोहोचल्यानंतर मारुतीने खाली उतरण्यास नकार दिला. सबब त्यास नोकरीतून कमी का करण्यात येऊ नये, याचा खुलासा समक्ष हजर राहून करावा, असा मजकूर होता.

“नकार दिलास का रे?” मी विचारले.

बसाप्पाच म्हणाला, “नकार कसला देतुया! तोंडातनं शब्दच आला न्हाय त्याच्या. दांडी धरून बसला. आमी एकेक बोट सोडवलं. दातखिळी बसावी तशी हाताला खिळी बसली हुती.”

“ठीक आहे. पोटशूळ लिहू,” मी म्हणालो.

या धंद्यात पोटशुळासारखे कारण नाही. तो येतो आणि जातो, बाहेरून दिसत नाही, आणि दाखला देणाऱ्या डॉक्टरालाही त्यात फारसा संकोच वाटत नाही. मी कागद पुढे ओढून ‘एकाएकी पोटात कळ येऊन’ एवढे लिहिलेसुद्धा.

“न्हाय मालक,” बसाप्पा म्हणाला. “पोट चांगलं हाय त्याचं. सकाळीच माज्या डब्यातली भाकरी खाल्ली त्यानं, ठेच्यासकट.”

“अहो, ते साहेबांना कुठे दिसते?”

“साहेबास्नी दिसंना का. आमाला दिसतंय की! उद्या आनिक कोन असाच धरून बसला तर त्योबी पोटच सांगंल. मंग समद्या बंबखान्याचं पोटच दुखत ऱ्हाईल, आन् खरं दुखनं कुनालाच घावनार न्हाय.”

माझ्यासमोर बसून माझे कारण नाकारणारी माणसे क्वचितच येतात. मी लेखणी खाली ठेवली आणि म्हणालो, “मग खरे दुखणे काय, ते सांगा.”

तेव्हा मारुती प्रथम बोलला. “भोंगा झाला की आवाज येतोय.”

“कसला आवाज?”

“अन्ना, अन्ना... असा.”

मग जे मी ऐकले, ते थोडे याच्या तोंडून आणि थोडे त्याच्या. पूर्वेकडच्या पेठेत, जिथे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची वस्ती आहे, तिथे एका यंत्रमागाच्या शेडला आग लागली होती. सुताचा धूर घट्ट असतो. समोर धरलेला आपला हात आपल्याला दिसत नाही. आत एक मनुष्य अडकला होता आणि तो ‘अन्ना, अन्ना’ अशी हाक मारत होता. अन्ना म्हणजे थोरला भाऊ, हे मारुतीला शेजारामुळे ठाऊक होते. आवाज डावीकडून आला, म्हणून तो सरपटत डावीकडे गेला. तिथे भिंत लागली. भिंत चाचपीत असतानाच हाक थांबली. धूर ओसरल्यावर तो मनुष्य उजव्या बाजूला, सुताच्या गठ्ठ्यांमागे मिळाला.

“धूर भरला की भिंत बोलतीया मालक,” बसाप्पा म्हणाला. “हितं वरडलेलं तितनं ऐकू येतं. मलाबी फसवलंय त्यानं. जुन्या समद्यांस्नी फसवलंय.”

“पर मामा, मला वाटतंय की आमचं साहेबबी भाईरनं डावीकडं, डावीकडं म्हनून वरडलं,” मारुती म्हणाला. “का तेबी माज्याच कानात झालं? तवापास्नं खरं ऐकलेलं कुटलं आन् खोटं कुटलं, तेच कळंना झालंय. घरात बायकूनं हाक मारली तरी आधी दुसऱ्याच बाजूला बघतोय मी.”

“मग साहेबांनाच विचारायचे होते!”

“साहेबास्नी?” मारुती माझ्याकडे पाहून हसला, पण ते हसणे चेहऱ्यावर टिकले नाही. “तुमी वरडला का, असं साहेबाला इचारू? म्हंजे मानूस मेला त्यो साहेबामुळं, असं म्हनू?”

बसाप्पाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि त्यांच्याकडची एक जुनी रीत मला समजावून सांगितली. ती मी वाचकांसाठी शक्य तितक्या स्पष्टपणे लिहितो.

बंबाचे पायप जाड कापडाचे असतात. आग विझवून आल्यावर ते तसेच गुंडाळून ठेवले तर कुजतात. म्हणून ते अंगणातल्या फरशीवर लांब पसरायचे, काथ्याच्या कुंच्याने घासून धुवायचे आणि उंच मनोऱ्याला टांगून वाळवायचे. एका पायपाला दोन माणसे लागतात. दोघे दोन टोकांनी घासत घासत मध्यावर येतात. जे आगीवर गेले त्यांनीच पायप धुवायचे, असा त्यांच्यात पूर्वापार शिरस्ता होता. आणि धुताना बोलायचे. काय पाहिले, काय ऐकले, कुठे पाय लटपटला, ते सगळे. नव्या माणसाला शिडी शिकवून झाली, पायप धरणे शिकवून झाले, की बसाप्पा त्याला हेही शिकवीत असे.

“शिकवायचे काय त्यात?” मी विचारले. “बोलता तर सगळ्यांनाच येते.”

“बोलायचं न्हाय मालक, ऐकायचं शिकवावं लागतं. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं न्हाय, पायपाकडं बघायचं. त्यो बोलाय लागला की शानपन शिकवायचं न्हाय. ‘असं करायला पायजे हुतं’ म्हनायचं न्हाय. ‘मंग?’ एवढंच म्हनायचं. लई वेळ गप बसला तर घासत ऱ्हायाचं. आन् आधी थोरल्यानं बोलायचं.”

“थोरल्याने का?”

“थोरल्यानं आपली भीती सांगितली, तर धाकल्याला तोंड फुटतं. न्हायतर धाकला म्हनतो, ह्यो वाघ हाय, मीच तेवडा शेळपट.”

“आणि बोललेले मग बाहेर फुटत नाही?”

“पायपावरचं पान्यासंगं गटारात जातं. आजवर कुनी भाईर न्हेलं न्हाय.”

आता अडचण कुठे आली, ते मला हळूहळू उमगले. त्यांचे साहेब नवीन होते. बाहेरगावी रीतसर शिक्षण घेऊन आलेले, चाळिशीच्या आतले. मनुष्य दुष्ट असता तर माझे काम सोपे झाले असते. परंतु ते दयाळू होते. आगीवरून दमून आलेल्या माणसांकडून पुन्हा धुणीभांडी केल्यासारखे पायप धुवून घेणे त्यांना क्रूरपणाचे वाटले. म्हणून त्यांनी हुकूम काढला की आगीवरून परतलेल्यांनी तडक घरी जावे. पायप दुसऱ्या पाळीने धुवावेत. माणसांनी साहेबांचे आभार मानले. आणि त्या हुकमानंतरची पहिलीच मोठी आग म्हणजे त्या यंत्रमागाच्या शेडची आग. ती विझवून सारे आपापल्या घरी गेले. जे ज्याच्या डोक्यात होते, ते त्याच्या डोक्यातच राहिले.

“म्हणजे तुम्हाला हवे काय?” मी शेवटचे विचारले.

“दोन गोष्टी. मारुतीला ठिवा. आन् पायप आमालाच धुवू द्या.”

मी दुसरा, कोरा कागद पुढे ओढला. सरकारी मराठीत पोटशुळाला शब्द आहे, ज्वराला आहे, अस्थिभंगाला आहे. याला शब्द नव्हता. ‘भीती’ लिहावी तर तो कामचुकारपणा ठरतो. ‘वेड’ लिहावे तर त्याच दिवशी घरी बसवतात. शेवटी मी पोटशुळाचा कागद फाडला आणि असे लिहिले:

‘अर्जदार हा भित्रा नसून, मागील आगीत जे त्याने ऐकले ते त्याच्या कानांतून अद्याप गेलेले नाही. असे ऐकलेले निघून जावे म्हणून जो उपाय आम्हांमध्ये चालत आला होता, तो मेहेरबानांनी आमच्याच सुखासाठी बंद केला आहे. तरी आगीवरून परत आल्यावर पायप धुण्याचे काम पूर्ववत आम्हांसच मिळावे, आणि अर्जदारास त्या उपायाचा लाभ होईपर्यंत नोकरीतून कमी करू नये, ही नम्र विनंती.’

मी वाचून दाखवले. बसाप्पाने मान डोलावली. मारुतीने पेटीची कड सोडली आणि ओला झालेला तळहात खाकी विजारीला पुसला.

अर्जदाराबरोबर कचेरीत जाण्याची माझी पद्धत नाही. लिहिलेल्या शब्दाने स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, असे माझे मत आहे. परंतु या अर्जाच्या बाबतीत मला तो विश्वास वाटेना. खुलाशाच्या दिवशी मी कोट चढवून त्यांच्याबरोबर गेलो.

साहेबांनी अर्ज उभ्या उभ्या वाचला, मग बसून पुन्हा वाचला.

“हे कोणी लिहिले?”

“अस्मादिकांनी,” मी म्हणालो.

“भाषा चांगली आहे. अर्थ लागत नाही.” ते बसाप्पाकडे वळले. “बसाप्पा, मी तुम्हा लोकांना विश्रांती दिली, आणि तुम्ही अर्ज करून मेहनत परत मागता? उद्या लोक म्हणतील, या बंबखान्यात माणसांना राबवून घेतात.”

“लोकं आगीत येत न्हाईत साहेब.”

“आणि याचे काय?” साहेब मारुतीकडे पाहून म्हणाले. त्यांचा स्वर कठोर नव्हता, थकलेला होता. “बंबावरचा मनुष्य खाली उतरत नसेल, तर त्याच्या शेजारचा मनुष्य मरतो. मला वर लिहावेच लागेल. इथे लिहिले आहे, काहीतरी ऐकले म्हणून. काय ऐकलेस तू?”

मारुतीचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. मी त्याच्या पाठीवर बोट टेकवून हळूच म्हणालो, “सांग, सांग.” तेवढ्याने तो अधिकच ताठला. साहेबांनी दौतीजवळची लेखणी उचलली. मला वाटले, संपले.

“साहेब,” बसाप्पा म्हणाला, “टेबलाफुडं त्यो जन्मात बोलायचा न्हाय. सकाळी कडब्याची गंजी इझवून बंब आलाय. खाली पायप वले पडल्यात.”

“मग?”

“मंग काय न्हाय. वले हाईत, एवडंच.”

साहेबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. ते रागावतील, अशी माझी खात्री होती. पण ते लेखणी ठेवून उठले आणि कोणाला काही न सांगता जिना उतरू लागले. आम्ही मागोमाग गेलो.

अंगणात फरशीवर काळे, चिखलाने माखलेले पायप लांबच लांब पडले होते. दुसऱ्या पाळीची माणसे कुंचे घेऊन उभी होती. साहेबांना पाहून ती बाजूला झाली. साहेबांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले, बाह्या वर सारल्या आणि एका पायपाचे पितळी टोक उचलले.

“मारुती, ते टोक धर,” ते म्हणाले.

बसाप्पाने माझ्या कोटाची बाही ओढून मला भिंतीकडे नेले. “हिकडं बघू नगा मालक, तिकडं बघा,” तो कुजबुजला. मी मनोऱ्याकडे पाहू लागलो. डोळे वळवता येतात. कान वळवता येत नाहीत. म्हणून पुढचे मी ऐकले. ते मी इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आज लिहीत आहे, ते मारुतीने स्वतः ‘लिवा मालक’ म्हटल्यावरून, आणि साहेबांची संमती पत्राने मागवून.

बराच वेळ नुसत्या कुंच्यांचा आवाज येत राहिला. खरखर आणि पाणी.

मग साहेब म्हणाले, “त्या दिवशी मी दारात होतो. मला आत यायचे होते. पाय उचलेना. कितीतरी आगी मी पाहिल्या आहेत, पण त्या दिवशी पाय उचलेना. म्हणून मी नुसता ओरडत राहिलो. डावीकडे, डावीकडे.”

एक कुंचा थांबला.

“तुमी... खरंच वरडला हुता साहेब?”

“हो.”

“का बरं डावीकडं?”

“मला आवाज तिकडूनच आला. अन्ना, अन्ना. मला ती भाषा येत नाही. घरी जाऊन झोप लागेना, तेव्हा शेजारच्यांना विचारले की अन्ना म्हणजे काय. त्यांनी सांगितले. नसते विचारले तर बरे झाले असते.”

“साहेब,” मारुती म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरका झाला, “मलाबी डावीकडनंच आला. मला वाटलं मलाच... साहेब, मला वाटलं मीच येडा झालो!”

“नाही. डावीकडूनच आला.”

मारुती फरशीवर, त्या पाण्यात, मटकन खाली बसला आणि मोठ्याने रडू लागला. दुसऱ्या पाळीच्या माणसांपैकी कोणीही त्याच्याकडे पाहिले नाही. साहेबांनी आपले टोक खाली ठेवले नाही. पायप ताणून धरून ते तसेच उभे राहिले. रडणे ओसरले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “मंग?” शब्द बसाप्पाचा होता, साहेबांनी तो कुठे ऐकला होता, देव जाणे. मारुती उठला आणि सांगू लागला. भिंत कशी लागली, ती हाताला कशी गरम होती, हाक थांबली तेव्हा त्याला क्षणभर बरे कसे वाटले आणि त्या बरे वाटण्याची शरम कशी जात नाही. पायप धुवून झाला तरी ते घासतच होते.

मारुतीच्या नोटिशीवर पुढे ‘खुलासा समाधानकारक’ असा शेरा पडला. पायपांबाबतचा हुकूम कधी रद्द झाला नाही. तो फक्त पाळला जाईनासा झाला. मारुतीच्या कानातला आवाज लगेच गेला, असे नाही. पुढच्या आगीची वर्दी आली तेव्हा बंबात बसाप्पा त्याच्या शेजारी बसला होता आणि उतरताना मारुतीने त्याचा पट्टा धरला होता, असे मी ऐकले. त्याच्या पुढच्या वेळी धरला नाही. आज बसाप्पा निवृत्त होऊन मंद्रूपला असतो, आणि नव्या माणसांना शिडी, पायप आणि ऐकणे हे तिन्ही मारुती शिकवतो.

एक खंत मात्र माझ्या मनात आहे. गिरणीत हात सापडलेल्या माणसाला बाहेर काढणारे सोबती, रुळावरून प्रेत उचलणारे हमाल, पटकीच्या साथीत मुडदे वाहणारे शिपाई, असे किती जण माझ्यापुढे बसून गेले. त्यांच्या कुठल्याही खात्यात धुवायला ओले पायप नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात बंबखान्याशेजारचे एक गृहस्थ माझ्याकडे तक्रार घेऊन आले. बंबखान्यात आता रबरी अस्तराचे नवे पायप आले आहेत. ते झटकले तरी वाळतात, सहसा कुजत नाहीत.

“तरी आग विझवून आले की हे लोक तासन् तास पायप घासत बसतात,” ते गृहस्थ म्हणाले. “आम्ही इकडे घागरीसाठी नळावर भांडतो, आणि तिथे गटारात पाणी! घासतात कमी अन् गप्पा जास्त. असा कडक अर्ज लिहा, की एकेकाची बदली झाली पाहिजे.”

त्यांचे म्हणणे अगदीच गैर होते, असे मी म्हणणार नाही. पाण्यावाचून आमच्या गावाचे काय होते, ते मलाही ठाऊक आहे. मी कागद घेतला, समास पाडला आणि मग कागद परत पेटीत ठेवला.

“हा अर्ज मी लिहिणार नाही,” मी म्हणालो.

“का? तुम्हाला काय बंबवाल्यांचा पुळका?”

“तुमच्या घराला आग लागली, तर त्यांच्यातला कोणीतरी आत शिरेल,” मी म्हणालो. “तो पुढच्या घरातही शिरावा, म्हणून ते पाणी लागते.”

त्यांना ते पटले नाही. ते रागाने उठले आणि पलीकडच्या झाडाखालच्या दुसऱ्या अर्जनविसापुढे जाऊन बसले. मी त्यांना थांबवले नाही. अर्ज करण्याचा त्यांना हक्क आहे. मी लेखणीला टोपण लावले आणि पुढचे गिऱ्हाईक येईपर्यंत त्या झाडाकडे न पाहता बसून राहिलो.